कानातला तुकडा बोटात

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. माझं बोट बरं आहे, जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

पहिल्या ऑपरेशननंतर आतली शीर हाडाला चिकटली होती, म्हणून बोट वाकतच नव्हतं. पुन्हा चिकटू नये म्हणून डॉक्टरीणबाई मध्ये माझ्याच कानातली कूर्चा, म्हणजे कानाचं मऊ हाड, बसवणार म्हणाल्या. मला दाट संशय आला.

"बोटासाठी कान कशाला? तो तुकडा दुसऱ्या कुणाला तर देणार नाही ना?"

त्या म्हणाल्या, "कान आणि हात बधिर करू. जाग्या राहा आणि बघा."

मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. नखाएवढा पांढरा तुकडा माझ्याच बोटात गेला.

काल बोट वाकलं. मी रडलेच. तरी आरशात बघून कान दोनदा चाचपला.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? तिथल्या डॉक्टरांना सगळं खोदून विचार. लाजू नकोस.

तुझीच संशयी,
धाकटी