हात चालत नसेल तर

६ जानेवारी २०२५, सोमवार

बोलले एकदाची! तीन आठवडे गिळून बसले होते. आज जीवराम सरांच्या हॉलवर जाऊन सरळ तोंडावर सांगितलं — डिंपल उद्यापासून येणार नाही. रिंग रोडच्या नव्या जिम्नॅस्टिक क्लबला जाणार.

काय चुकलं माझं? बारा वर्षांची पोर मागे उलटी झेप घेते, डोकं जमिनीपासून वीतभर — आणि हा माणूस शेजारी जाकिटाच्या खिशात हात घालून उभा! लहान पोरांना निदान डाव्या हाताने तरी धरतो. आमच्या पोरीला नुसतं तोंडाने — "जाय माय, मी शे." मी आहे म्हणे! नुसतं असून काय उपयोग? पाच वर्षं झाली तिथे. गाद्या फाटल्या, पंखा बंद, काही बोलले नाही. पण पोरीची मान मोडली तर? दोन फेब्रुवारीला जिल्ह्याची निवड चाचणी आहे. यंदा ती राज्याला जायलाच हवी.

दिवसभर एस.टी.च्या पासच्या खिडकीवर लोकांशी डोकं फोडून आले होते, तेच तोंड घेऊन तिकडे गेले. म्हणाले, "सर, हात चालत नसेल तर हॉल बंद करा ना. कशाला लेकरांचं नुकसान करता?"

सरांनी डाव्या हाताने गादीचा कोपरा सरळ केला. मग म्हणाले, "बरं शे, ताई."

वळले तर मागे डिंपल. बूट हातात. सगळं ऐकलं असणार. रिक्षात बूट मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली.

७ जानेवारी

नवा क्लब म्हणजे क्लब! स्पंजने भरलेला खड्डा, चकाचक आरसे. मंतशा मॅडम वयाने लहान पण हुशार. प्रत्येक पोरीच्या कमरेला स्वतः हात लावून उडी करून घेतात. मी घरी नवऱ्याला, हेमराजला म्हटलं, बघ, मी उगीच भांडत नाही.

डिंपलला विचारलं, कसं वाटलं? "चांगलं आहे." एवढंच.

१० जानेवारी

आज जेवली नाही. पोट दुखतंय म्हणे. ओवा दिला.

१४ जानेवारी, संक्रांत

डिंपल तिळगूळ घेऊन सायकलवर जुन्या हॉलला गेली. मीच म्हटलं जा, भांडण माझं, तुझं नाही. अर्ध्या तासात परत. पुडी तशीच. हॉलला कुलूप. सणाची सुट्टी असेल म्हटलं, तर म्हणाली, "पाटीपण काढलीय." आणि न्हाणीत जाऊन कडी लावली. बराच वेळ नळ चालू होता.

हॉल बंद केला? माझ्या एका बोलण्याने? छे! भाडं थकलं असेल, नाहीतर पोरं कमी झाली असतील. मी काय एकटी बोलले असेन होय?

२१ जानेवारी

मंतशा मॅडमचा फोन. डिंपल उडी घेतच नाही. गादीच्या टोकाला जाते, पाय जुळवते, हात वर करते — आणि तशीच थांबते. मॅडम धरायला उभ्या असतात तरी! दिवाळीपासून जी उडी ती सहज मारत होती, ती! मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या, घाई नको ताई, ती बिचकली आहे.

संध्याकाळी मीच घरी दोन गाद्या एकावर एक टाकल्या. शेजारी उभी राहिले. म्हटलं, जा डिंपल, मी आहे. हलली नाही. मग काय सुचलं कोण जाणे, सरांसारखं म्हटलं — मी शे.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग गाद्या गुंडाळून पलंगाखाली सरकवल्या आणि अभ्यासाला बसली. मी तिथेच वेड्यासारखी उभी. फार लागलं मनाला.

२ फेब्रुवारी, रविवार

चाचणी. पंचांना नमस्कार केला, टोकाला उभी राहिली, आणि चालत बाहेर आली. संपलं राज्याचं.

मी सगळ्यांसमोर तिला नाही नाही ते बोलले. हेमराज म्हणाला, "अगं, आधी तिला विचार तरी काय झालं ते." शंभरदा विचारलंय! "काही नाही" ह्यापलीकडे उत्तर नाही. माझी पोर माझ्याशी बोलत नाही. एवढंच आता कळतंय. निवड गेली चुलीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

 आजचं लिहून काढते.

दुपारी खिडकीवर एक बाई. दिव्यांग सवलतीचं कार्ड हवं होतं, नवऱ्यासाठी. साक्रीजवळ गावी राहायला गेलेत, उपचाराला मात्र इथे जळगावलाच, जुन्या डॉक्टरांकडे यावं लागतं. मी सवयीने कागद ओढले. जीवराम. फोटो सरांचा. उजवा हात, पक्षाघात.

त्या सुनंदाबाई, सरांच्या पत्नी. मला ओळखत नव्हत्या. मी विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, "दिवाळीपासून. कोणले सांगं नही." आईबापांना कळलं तर पोरं काढून नेतील, म्हणून हात खिशात घालून शिकवायचे. एका मोठ्या मुलीला तेवढं ठाऊक होतं. ती रोज दहा मिनिटं आधी येऊन हॉलचं कुलूप उघडून द्यायची. डिंपलच! रोज लवकर निघायची घाई तिचीच असायची. मग म्हणे एक दिवस कोणी बाई आली, हातावरून लागट बोलली. त्यानंतर ते हॉलकडे फिरकले नाहीत.

मी कागदावर शिक्का मारला. दुसरं काय करणार! जीभ उचलून टाळ्याला लावताना मला समोरचा माणूस दिसला नाही.

आणि तो तरी तसल्या हाताने माझ्या पोरीला उडी मारायला लावत होता! राग यायला हवा. येत नाही. नुसतं रडू येतं.

घरी आल्या आल्या डिंपलला म्हटलं, सरांचा हात गेला होता हे तुला माहीत होतं?

ती म्हणाली, "तुलापण माहीत होतं ना. म्हणून तर तसं बोललीस."

महिनाभर पोरगी हे मनात घेऊन माझ्या शेजारी जेवत होती! मी शपथ घेतली, देवाशपथ, नव्हतं गं माहीत. तिने ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. म्हटलं, उद्या रविवार, साक्रीला जाऊ, मी सरांचे पाय धरते.

९ फेब्रुवारी

सकाळी साडी नेसून मी दारात. डिंपल चपला घालत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही नका येऊ. मी पप्पांसोबत जाते."

तुम्ही. मला, तिच्या आईला.