काळी पाच, काळी तीन

आई, तुझी ती विलायतेची बाई परत गायला लागली. तू गेलीस तेव्हा ती गप्प होती, म्हणून आधी हेच सांगते.

इथे आखातात आल्यावरचं, अब्बासियातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. ओट्यावर पेटी, तव्यावर थालीपीठ आणि रेडिओवर ती, बंदराच्या गावातली पोर, पबमध्ये गात गात विशीतच जगभर गाजलेली. मी तिच्यासारखी ताणून गाते आणि तू हातातलं उलथनं तसंच धरून म्हणतेस, "ही तिची पट्टीच नाही गं. कुणीतरी वर चढवलंय हिला. एक दिवस गळा बसेल." बसलाच. घशाचं ऑपरेशन झालं, दौरे रद्द झाले, नवरा सोडून गेला, पेपरवाल्यांनी तिला निकालात काढलं. तुला वाईट वाटलं होतं. आपलं खरं ठरल्याचा आनंदही तू काही लपवला नाहीस.

पण आई, आम्हालाही तू वरच चढवलंस. शुक्रवारी तुझ्या गाण्याच्या क्लासात पेटी नीट ऐकू यावी म्हणून एसी बंद, घामाच्या धारा, आणि सगळ्या मुली तुझ्या काळी पाचच्या उंच पट्टीत. माझा आवाज तिथे पुरायचा नाही. "आळस आहे तुझा," म्हणायचीस. ते मला आजही लागतं.

गेल्या वर्षी माझं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. आवाज खाली उतरला तो उतरलाच. तुझ्यामागे मी चालवत होते तो क्लास बंद केला, पेटीवर चादर घातली. मग एका दुपारी, महबूल्यातल्या माझ्या आताच्या घरी, लेकीनं फोन पुढे केला. "मम्मा, लिसन. शी इज बॅक." पडद्यावर तुझी ती बाई, पांढरे केस, खुर्चीत बसलेली, गाणं तेच जुनं, पण कितीतरी खालून. वरच्या जागा तिनं सरळ सोडून दिल्या होत्या. "इट्स लोअर, बट इट्स हर," लेक म्हणाली. मला रडू आवरेना.

या शुक्रवारी क्लास पुन्हा सुरू केला. एसी बंद केला आणि पेटीवर काळी तीनचा सा धरला. एक मुलगी म्हणाली, "टीचर, तुम्ही खालची पट्टी धरलीत."

"ही माझी. आता तुझी कुठली ते बघू."

हे पत्र कुठे टाकणार? आणि टाकायचंही नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. खालचा सा लावला की मी अजून क्षणभर थांबते, आतून तुझा आवाज येईल म्हणून, "वर, अजून वर." येत नाही. आता मला कुणी रागवत नाही, आणि ते मला मुळीच आवडत नाही.