निर्व्यसनी जावयाच्या सहा दाढा

गोडादरा, सुरत
वैशाख वद्य पंचमी

तीर्थस्वरूप धुडकूमामांस,

भाचा गजेंद्र पायांवर डोकं ठेवतो. तुमचा गुडघा, गोठ्यातली म्हैस आणि मामींचं बीपी यांची तब्येत याच क्रमाने विचारतो आहे (मामींना क्रम सांगू नये). आम्ही इकडे ठीक. पत्र वाचून झाल्यावर 'ठीक' तेवढं खोडून टाका. फोन मुद्दाम केला नाही. फोन तुम्ही स्पीकरवर टाकता आणि मग ऐकायला अर्धी गल्ली ओट्यावर येऊन बसते. हे पत्र एकट्याने वाचा, आणि वाचून होईपर्यंत मामींना त्यांचा चष्मा सापडू देऊ नका.

विषय तुमचे जावई हिलालराव. आपल्या वर्षासाठी स्थळं पाहताना तुम्ही तीन मुलगे नाकारलेत. एक दारूपायी, एक तंबाखूपायी, आणि तिसरा बशीत चहा ओतून फुर्र आवाज करतो म्हणून. मग हिलालराव सापडले. विडी नाही, सुपारी नाही, चहासुद्धा सणावारी. दोंडाईच्याच्या बाजारात तुम्ही ओळखीच्या-अनोळखीच्या माणसांना थांबवून सांगत होतात, "आमना जावई निर्व्यसनी शे!" मामा, त्या माणसाला गोळ्यांचं व्यसन लागलं आहे. आणि ते मी लावलं.

झालं असं. दीड वर्षापूर्वी ते माझ्या दवाखान्यात आले. खालची अक्कलदाढ पार किडलेली होती, ती काढली. इथवर माझं काही चुकलं नाही (या पत्रातलं हे शेवटचं बरोबर काम, नीट पाहून घ्या). दाढ काढल्यावर बहुतेकांना दोन-तीन दिवस साध्या गोळ्या पुरतात. शेजारच्या पेशंटला मी साध्याच लिहून दिल्या. पण जावयाला साधी गोळी? घरच्या जावयाला पाणचट वरण वाढल्यासारखं वाटलं. म्हणून मी अफूच्या कुळातली, सगळ्यांत जबरी गोळी लिहिली, आणि तीही अख्खं पान. मानपानच करायचा तर कमी कशाला?

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. दुखतंय म्हणाले. जावई खोटं बोलतो असं मेहुण्याने कसं समजायचं? दुसरं पान. मग शेजारची दाढ दुखायला लागली. तिला जराशी कीड होती, बुजवून भागलं असतं. पण बुजवायला तीन खेपा, आणि त्यांचे शेठ अर्ध्या पाळीचीही सुट्टी देत नाहीत. काढून टाका म्हणाले. काढली. मग वरची. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, बारा-बारा तास उभं राहून त्यांची कंबर मोडते, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. गोळी घेतली की कंबर गप्प बसते, यंत्रांचा खडखडाट लांब कुठेतरी जातो, आणि गोळी दाढ काढल्याशिवाय मिळत नाही, हा हिशोब त्यांनी एकट्याने जुळवला. अशा दीड वर्षात पाच दाढा गेल्या. दर वेळी मी त्यांना दारापर्यंत सोडायला जात होतो.

माझे डोळे उघडले ते मागच्या महिन्यात, तेही जेवणाच्या लोभाने. असल्या गोळ्या जपून कशा लिहाव्यात, याचं आम्हा दातांच्या डॉक्टरांना एक दिवसाचं शिक्षण होतं. जेवण चांगलं असतं असं ऐकून गेलो. (होतं. उंधियू सोडून. तो थंडीतला पदार्थ, भर उन्हाळ्यात कोणी करावा?) शिकवायला योगिता मॅडम म्हणून एक तरुण डॉक्टरीण होती. तिने प्रत्येकाला दवाखान्याचं रजिस्टर आणायला सांगितलं होतं. म्हणाली, ही गोळी लिहून दिलेले शेवटचे दहा पेशंट काढा आणि पुढे कारण लिहा. मी काढले. दहापैकी सात वेळा एकच नाव. मला आधी वाटलं पान चिकटलंय. कारणाच्या रकान्यात मी काय लिहावं, मामा? 'जावई' लिहिलं. शेजारी कतारगामचे एक वयस्क डॉक्टर होते, ते हळूच म्हणाले, "मारे त्यां साळो छे." म्हणजे त्यांच्या यादीत बायकोचा भाऊ.

दुपारी नाटक झालं. एकाने हट्टी पेशंट व्हायचं, दुसऱ्याने त्याला समजावून नाही म्हणायचं. मी इतकं गोड 'नाही' म्हणालो की टाळ्या पडल्या. प्रमाणपत्र मिळालं, ते दवाखान्यात लावलं आहे.

त्याच प्रमाणपत्राखाली दुसऱ्या दिवशी हिलालराव गालाला हात लावून बसले होते. "गजूभाऊ, हाई दाढ बी दुखस. काढी टाका." मी पाहिलं, दाढ ठणठणीत. पाठ केलेलं ते गोड 'नाही' मी विसरलो आणि नुसतं "नाही" म्हणालो. ना समजावलं, ना पुढे कुठे जायचं ते सांगितलं. शिकवलेल्यातलं अर्धंच केलं आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. घामाने भिजलेले, थरथरत, शर्टावर रक्त. मूठ उघडून त्यांनी टेबलावर दाढ ठेवली. खात्यातल्या पकडीने स्वतः उपटलेली. तिन्ही मुळं शाबूत. कॉलेज सुटल्यापासून इतकी निरोगी दाढ मी पाहिली नव्हती. म्हणाले, "आते तरी लिखी द्या." मामा, मी रडलो. ते रडले नाहीत, त्यांना तेवढीही ताकद नव्हती. रक्त थांबवून मी त्यांना तसंच रिक्षात घालून व्यसनावरच्या डॉक्टरांकडे नेलं. वर्षाला सगळं सांगितलं. ती हिलालरावांचा शर्ट घेऊन नळाखाली रक्त धूत बसली, त्यापेक्षा माझ्या कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

असो. यंदा अधिक मास, आणि धोंड्याला जावयाला काय द्यावं असं तुम्ही विचारलं होतंत. चांदीचं ताट की अंगठी? मला विचाराल तर ताट. येत्या रविवारी दोघांना गाडीत बसवतो. मामींना नमस्कार, म्हशीला चारा.

तुमचा,
गजू

ता. क. १ : ताट राहू द्या. महिनाभर जावयाला ठेवून घ्या, हेच द्या. व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात राहा म्हटलं तर "मी काय दारुड्या शे का?" म्हणतात, पण सासऱ्याच्या निमंत्रणाला नाही म्हणणार नाहीत. इथल्या डॉक्टरांनी धुळ्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आहे, दर आठवड्याला तुम्ही सोबत जायचं. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, कागदावर लिहिल्याप्रमाणे कमी करायच्या. त्या तुमच्या कनवटीला ठेवा. ते जास्त मागतील, पाया पडतील, रागावतील. आपल्या घरात आजवर जावयाला कोणी नाही म्हटलेलं नाही. ते तुम्ही म्हणायचं, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्याजवळ बसून राहायचं. मी ते दुसरं केलं नाही.

ता. क. २ : धोंडे मऊ करा. अनारसे पानात वाढू नका, त्यांना चावणार नाहीत. दाढा कुठे गेल्या म्हणून मामी चारचौघांत विचारतीलच. हिलालराव माझं नाव सांगणार नाहीत, मेहुण्याचा मान राखतील. तुम्ही सांगा.