शेस्ताक बंधूंची दहा बोअर बंदूक सोडवण्याबाबत

प्रति,
मा. वन्यजीव संरक्षण अधिकारी,
विलो फोर्क विभाग, नेब्रास्का.

विषय : जप्त दहा बोअर दुनळी बंदूक परत मिळण्याबाबत व अर्जदाराच्या जबाबात दुरुस्ती करण्याबाबत.

संदर्भ : आपली जप्तीची पावती, दि. ५ मे.

अर्जदार : एमिल शेस्ताक, वय ७१, धंदा शेती.

महोदया,

उपरोक्त अर्जदार सविनय सादर करतो, ते येणेप्रमाणे :

१. अर्जदार गेली चोपन्न वर्षे रानटर्की, रानहंस व कोल्ह्यासारखे कोयोटी यांची शिकार रीतसर परवाना काढून करीत आला आहे. जप्त बंदूक अर्जदाराच्या दिवंगत वडिलांची. बारा बोअरपेक्षा दहा बोअरचा आकडा लहान असला तरी नळी मोठी असते, हे आपण जाणताच. पावतीवर आपण ‘वजन सुमारे दहा पौंड’ असे लिहिले आहे. बंदूक गाडीत ठेवताना आपल्या तोंडून जे ‘अगं बाई!’ निघाले, त्याची नोंद मात्र राहून गेलेली दिसते.

२. अकरा वर्षांपूर्वी वडिलांनी स्वयंपाकघरात खसखस भरलेले कोलाची नावाचे गोड पाव खाता खाता वाटणी केली. बंदूक थोरल्याला, म्हणजे अर्जदाराला. आणि टर्कीला हाक घालायची लाकडी पेटी धाकट्या ऑटोला. या पेटीचे झाकण कडेवर घासले की हुबेहूब मादीचा आवाज निघतो व नर भुलून जवळ येतो. वडिलांचा हेतू उघड होता : एकाने हाक घालावी, दुसऱ्याने बार काढावा, म्हणजे दोघांना एकत्र जाणे भाग पडेल. वडील शिकारीत फार हुशार होते, पोरांच्या बाबतीत जरा भोळे. ऑटो म्हणाला, ‘पेटी घेऊन मी काय लग्नात वाजवू?’ अर्जदार म्हणाला, ‘वाजव की! नाहीतरी तुला नेम कुठे धरता येतो?’ दोघांमधले हे शेवटचे बोलणे. तेव्हापासून रविवारी प्रार्थनेला दोघे दोन टोकांच्या बाकांवर बसतात.

३. पेटी नसल्यामुळे अर्जदार तोंडात पातळ रबराची पट्टी धरून हाक घालतो. अर्जदाराची पत्नी लिब्बी हिचे याबाबत म्हणणे, ‘गोठ्याचं दार करकरतंय की तुम्ही?’ टर्कींचेही मत तेच असावे. यंदाचा मे उजाडेपर्यंत अकरा वर्षांत एकही नर अर्जदाराच्या बंदुकीच्या टप्प्यात आला नव्हता.

४. दि. २ मे रोजी उजाडताच अर्जदार ओढ्याकाठी देवदारांच्या रांगेत बसला असता त्याच्या हाकेला पलीकडून एका मादीने उत्तर दिले. अर्जदाराने पुन्हा हाक घातली, तिने पुन्हा उत्तर दिले. असे चार सकाळी चालले. या काळात एक खराखुरा नर दोघांच्या मधोमध येऊन उभा राहिला, दोन्हीकडे मान वेळावून ऐकत राहिला व दोन बायांच्या भांडणात पडायला नको अशा बेताने निघून गेला. अर्जदाराने त्याच्यावर बार काढला नाही. का काढला नाही, ते पुढे येईल.

५. दि. ५ मे रोजी एक कोयोटी गवतातून सरपटत पलीकडच्या काठावर आला व तेथे उभ्या असलेल्या मादीवर झेप घेणार, इतक्यात अर्जदाराने बार काढला. कोयोटी पळाला. दहा बोअरचे छर्रे पसरतात, त्यामुळे मादीचे मुंडके उडाले. ती मादी लाकडाची होती. झुडपातून ऑटो उभा राहिला व अकरा वर्षांनंतर प्रथमच अर्जदाराशी बोलला, ‘अरे गाढवा! बाबांनी कोरलेली होती ती!’ नंतर त्याने आपणांस फोन केला. आपण आलात, ऑटोने बंदुकीवर स्वतःचाही हक्क सांगितला व आपण मालकाच्या रकान्यात ‘वादग्रस्त’ असे लिहून बंदूक नेली. माणूस बसलेल्या दिशेला बार काढणे ही चूकच. ती अर्जदारास मान्य आहे.

६. आता जबाबाविषयी. ‘पलीकडे माणूस आहे हे मला ठाऊक नव्हते,’ असे अर्जदाराने आपणांस सांगितले. ते खोटे आहे. वडिलांच्या पेटीला एक चीर आहे, त्यामुळे तिचा चौथा सूर दर वेळी फाटतो. अर्जदाराने तो पहिल्याच सकाळी ओळखला. ऑटो कोठे बसला असेल हेही ठाऊक होते : खांद्याहून रुंद बुंध्याला पाठ टेकल्याशिवाय बसायचे नाही हा वडिलांचा नियम, आणि पलीकडे तसा एकच कॉटनवुड आहे. बार त्याच्या बराच उजवीकडे काढला. नर सोडून दिला तो एवढ्यासाठी, की शिकार झाली असती तर दुसऱ्या दिवशी येण्याचे निमित्त उरले नसते.

७. आणि ऑटोनेही आपणांस पूर्ण खरे सांगितलेले नाही. आपण येण्यापूर्वी तो म्हणाला, ‘चार दिवस ऐकतोय! अजून तिसऱ्या हाकेला दम लागतो तुला!’ याचा अर्थ आपण लावावा. अर्जदाराने लावला आहे, आणि तेव्हापासून त्याला घास गोड लागत नाही.

८. तरी विनंती की, हंगाम ३१ मे रोजी संपण्यापूर्वी आपण दोघांच्या नावे एकच हुकूम काढावा : बंदूक व पेटी यांच्या तपासणीसाठी दोघांनी सकाळी त्या कॉटनवुडपाशी समक्ष हजर राहावे. हुकुमाशिवाय अर्जदार जाणार नाही व ऑटो तर मुळीच येणार नाही. दोघेही शेस्ताक आहेत. कृपया हुकमात थोडी धमकी घालावी. बंदूक तेथे ऑटोच्या हाती द्यावी, अर्जदाराची हरकत नाही. पेटी अर्जदार वाजवील. बेसूर वाजली तर शिव्या घालायला ऑटो शेजारीच असेल.

हुकमाची वाट पाहणारा,
आपला नम्र अर्जदार,
(सही) एमिल शेस्ताक
दि. १४ मे

सोबत :
(१) जप्तीची पावती.
(२) लाकडी मादीचे मुंडके, ओढ्यात सापडलेले, एक नग. धड ऑटोकडे आहे; येताना त्याने ते घेऊन यावे, असेही हुकमात लिहावे.