अण्णा, आज पोटभर जेवा

अण्णा,

तुमचा डोळा लागला होता म्हणून न उठवताच कामावर निघाले. उद्या सकाळी तपासणीसाठी रक्त द्यायचंय. आज रात्री नेहमीसारखं जेवा, भातही खा. त्यानंतर रक्त देईपर्यंत फक्त पाणी प्या.

मागच्या तपासणीआधी तुम्ही आठवडाभर भात आणि गोड सोडलंत. मग रिपोर्ट नाचवत म्हणालात, "बघ, तुझा बाप घोडा आहे घोडा!" मीही हसले. डॉक्टरांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून साखरेची गोळी अर्धी केली.

एवढ्या उकाड्यात तुम्ही घरात मोजे का घालता, ते आज कळलं. झोपेत एक मोजा निघाला होता. अंगठ्याची जखम कालपरवाची नाही, अण्णा. कडेने काळपट पडलीय आणि तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

डॉक्टरांना फोन केलाय, उद्या ते पायही बघणार आहेत. मी सोबत येतेय. वाटेल तेवढं रागवा, पण त्यांच्यासमोर मोजा काढा. आणि या वेळी रक्तात खुशाल नापास व्हा.

धाकटी