पेशन्सच्या हातातली बंदूक

लॉस एंजेलिस
तिसऱ्या महिन्याची अकरा तारीख, १९६०

प्रिय लिडियाताई,

मी बरी आहे, खोकला गेला. तुझं पत्र परवा मिळालं. बर्फ अजून गुडघाभर आहे, तांबड्या गायीला कालवड झाली, सभाघराची चूल धुरकटतेय आणि अमॉसभावजींची कंबर पुन्हा धरली, हे सगळं दोनदा वाचलं. भावजींना म्हणावं, लाकडं फोडायला आता दुसऱ्या कुणाला तरी लावा. दोनदा अशासाठी वाचलं की मला वाटलं, एखादं पान चुकून पाकिटात चिकटून राहिलं असेल. नव्हतं राहिलेलं. असो.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. पुढच्या आठवड्याच्या सातव्या दिवशी, जग ज्याला शनिवार म्हणतं त्या दिवशी, टेलिव्हिजनवर ‘सॉल्ट क्रीकचा मार्शल’ या मालिकेचा नवा भाग लागेल. तुमच्याकडे तो डबा नाही, पण शेजारच्या बर्था थॉर्सनकडे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणापाशी येऊन सांगेल, “अगं लिडिया, तुमची क्वेकर पोरगी तर काय नेम धरते!” ते तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

स्टुडिओने इथल्या आपल्या पंथाच्या सभेला फोन केला होता, हे मी तुला लिहिलंच होतं. त्यांना एक क्वेकर हवा होता, आणि शाळेतून दुपारी मोकळी होणारी मीच सापडले. काम साधं. टोपीच्या नाड्या कशा बांधायच्या, सभेत कसं बसायचं ते नट्यांना दाखवायचं. त्यांनी काळ्या डगल्यातला एक पाद्री आणून ठेवला होता. म्हटलं, आमच्यात पाद्री नसतो. सगळे गप्प बसतात, ज्याला आतून काही सुचेल तो उठून बोलतो. निर्माता हर्ब कोल्टन म्हणाला, “बाई, गप्प बसलेली माणसं बघायची तर लोक आपापल्या बायकोकडे बघतील. टेलिव्हिजन कशाला लावतील?” पाद्री मात्र गेला. मला वाटलं, चला, जमतंय.

गोष्ट अशी. पेशन्स नावाची क्वेकर मुलगी, आपल्यासारखीच शस्त्राला हात न लावणारी, गावचा कायदा सांभाळणाऱ्या जखमी मार्शलची शुश्रूषा करते. दोघं प्रेमात पडतात. ती म्हणते, बंदूक सोड, मी तुझी. तो सोडतो. मग त्याचे वैरी येतात, तो रिकाम्या हातांनी अंगणात उभा, आणि पेशन्स खुंटीवरची बंदूक काढून गोळी घालते. एक माणूस धुळीत पडतो आणि ही मार्शलच्या मिठीत. संपलं! पहिल्या वाचनात हे शेवटचं पान ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. हर्बने विचारलं, “काय बाई, काही हरकत?”

आणि ताई, मी गप्प बसले.

आपल्याकडे बसतात तशीच. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, नीट शब्द येईपर्यंत. आपल्या सभेत कुणी असं बसलं की सगळ्यांना कळतं, हिला पटलेलं नाही, थांबू या. सभाघराच्या छपराचा निर्णय आपण अकरा महिने थांबवला होता, एकटे एनॉकआजोबा गप्प होते म्हणून. इथे पाच सेकंद थांबले असतील. “छान, मंजूर!” म्हणून हर्बने वही मिटली. मी डोळे उघडले तेव्हा ते जेवणाला काय मागवायचं ते ठरवत होते.

शेवटी सगळ्यांची नावं येतात त्या पाटीवर माझं नाव घातलं होतं. क्वेकर सल्लागार, फीबी मॅकॉम्बर. काल जाऊन ते काढायला लावलं. बाकी काही बदलणं आता शक्य नाही. हर्ब म्हणाला, “तेव्हा मूग गिळून बसलीस आणि आता आकाशपाताळ एक करतेस?” त्याचं काय चुकलं, सांग. मला माझाच इतका संताप येतो की शाळेत फळा पुसता पुसता मी स्वतःशी भांडत असते. पोरं हसतात.

ही गोष्ट लेस्टर ड्रेकने लिहिली आहे. हे नाव तुला नवीन नाही. पहिल्या महिन्यातल्या माझ्या पत्रात ते होतं. त्यानंतर तुझी चार पत्रं आली, कालवडीचंसुद्धा नाव कळवलंस, पण या नावाबद्दल अवाक्षर नाही. मी साधं विचारलं होतं. माझं एका माणसावर प्रेम आहे, तो आपल्यातला नाही, युद्धात सैनिक होता. उद्या त्याने मागणी घातली तर सभा आम्हाला आपल्या सभाघरात उभं राहून लग्नाचं वचन देऊ देईल का?

मला कळतं सगळ्यांना जड का जातंय ते. एलवुडदादा त्याच युद्धात लढायला नकार देऊन त्याच सभाघरातून दोन वर्षं तुरुंगात गेला. पण दादाला कुणी विचारलंत का? की तोही गप्पच आहे?

मागच्या आठवड्यात आम्हाला तयार भाग दाखवला. नंतर लेस्टर आणि मी पेशन्सच्या त्या खोट्या घराच्या ओसरीवर बसलो होतो. सुतार मागची भिंत उतरवत होते. मी विचारलं, “तिच्या हातात बंदूक का दिलीस?”

“तू काही बोलली नाहीस. मला वाटलं तुला समजलं.”

“काय समजलं?”

“इटलीत मी दोघांना मारलं, फीबी. एकाच्या खिशात अर्धा पाव होता. तू मला कधी वाकडा शब्द बोलत नाहीस. पण तू त्या तिकडच्या स्वच्छ बाजूला आणि मी इकडे. म्हटलं, निदान गोष्टीत तरी एक क्वेकर पोरगी माझ्या बाजूला येऊ दे.”

“म्हणजे मी कुणाचा जीव घेतल्याशिवाय तुला जवळची वाटणार नाही? हेच का तुझं प्रेम?”

“तसं नाही गं.” त्याने हातातली टोपी फिरवली. “लग्न कर माझ्याशी. तुमच्या सभाघरात कर, हवं तिथे कर. गप्प बस म्हणालीस तर बसेन.”

ताई, मला हो म्हणायचं होतं. पण तुमचं उत्तर आलेलं नव्हतं. म्हणून मी डोळे मिटले आणि थांबले. तो हर्बसारखा घाईचा नाही, खूप वेळ थांबला. भिंत पूर्ण उतरली. मग उठला, टोपी घातली, “समजलो,” म्हणाला आणि गेला. आज नऊ दिवस झाले.

त्या गोळीबद्दल मी त्याच्याशी जन्मभर भांडेन, तेवढं सभेने खुशाल गृहीत धरावं. पण त्याच्या बाजूला मी रिकाम्या हातांनी कधीचीच जाऊन बसले आहे, आणि हे त्याला सोडून मी तुला सांगतेय! किती मूर्खपणा हा. तुम्ही सगळे तिथे चुलीभोवती शांतपणे थांबला आहात आणि इथे माझं माणूस चाललं आहे.

हे पत्र पेटीत टाकून मी सरळ त्याच्याकडे जाते. दार उघडल्याबरोबर, बसायच्याही आधी, हो म्हणणार आहे. आता त्यालाच नको असेल तर ऐकून घेईन, पण तोंडाने म्हणायला लावीन. सभाघर मिळालं तर मला फार आनंद होईल, फार म्हणजे फार. नाही मिळालं तर त्याच्या अंगणात दोघं उभे राहू. हे पत्र पुढच्या सभेत मोठ्याने वाचून दाखव. भावजींना सांग, पहिल्या महिन्यात मी सभेला विचारलं होतं. आज कळवते आहे.

तुझी, आणि तुम्ही नको म्हणेपर्यंत सभेचीही,
फीबी