तळमजल्याचा हॉल कोणाला द्यावा याविषयी

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, व्यवसाय प्रशिक्षिका, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मी रागात आहे. पण रागावलेला माणूस आणि भ्रमिष्ट माणूस यांत कायदा फरक करतो, असे वकीलबाईंनी सांगितले आणि डॉक्टरांनी तसा दाखलाही दिला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न झाला होता, त्याबद्दल पुढे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी सुखरूप परत येईन असे सगळे म्हणतात. आले तर हे कागद कपाटात राहतील. न आले तर माझ्या मागे भांडण नको, म्हणून काय ते आत्ताच भांडून घेते.

एक. हे घर मला मावशीकडून मिळाले. मावशी रुग्णालयात मुख्य परिचारिका होती आणि माणसे ओळखण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. घर माझ्या नावावर करताना ती म्हणाली होती, "तुझ्या दादाला दिलं तर तो यात संस्था काढेल." दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मावशीचा अंदाज बरोबर होता. फक्त मी त्याला नाही म्हणेन असे तिने गृहीत धरले होते. तळमजल्याच्या हॉलमध्ये आमची नेतृत्व प्रशिक्षण आणि संशोधन संस्था एकोणीस वर्षे चालू आहे. भाडे मी कधी घेतले नाही, आणि ते आता वसूल करावे असेही माझे म्हणणे नाही.

ही संस्था काय करते ते नोंदवणे गरजेचे आहे, कारण अलीकडे ते संस्थेलाच आठवत नाही. वस्तीतल्या समित्यांच्या बायका, कारखान्यातले मुकादम, परिचारिका, मुख्याध्यापिका इथे येतात. सभा कशी चालवायची, आपल्याला न पटणारे कसे ऐकून घ्यायचे, आणि वेळ आली की जागा कशी सोडायची, हे आम्ही शिकवतो. अध्यक्षाने सर्वांत शेवटी बोलायचे आणि सभा संपल्यावर खुर्च्या त्यानेच उचलायच्या, हे आमचे दोन नियम. "ना नफा, ना मोठेपणा," असे दादा तेव्हा म्हणायचा. नफा अजूनही नाही.

मला चार माणसांत तोंड उघडायला दादानेच शिकवले, हेही इथेच लिहिते. मी कॉलेजात असताना, घर मावशीचे होते तेव्हा, तो मला या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी करायचा आणि स्वतः रिकाम्या खुर्च्यांत बसून वेगवेगळ्या आवाजांत मला आडवे प्रश्न विचारायचा. त्यातला एक म्हातारा तर इतका खवट होता की मला हसू यायचे आणि भीती जायची. त्या माणसावर माझा आजही जीव आहे. संचालक झालेल्या माणसाबद्दल पुढची कलमे आहेत.

दोन. प्रशिक्षणाचे साहित्य. आमच्या प्रत्येक वर्गाच्या शेवटच्या दिवशी एक सराव असतो. गटाने निवडलेल्या प्रमुखाला, कसलीही कल्पना न देता, हॉलबाहेर पाठवायचे. त्याची खुर्ची रिकामी ठेवायची आणि गटाने काम पुरे करायचे. हा सराव मी रचला. असे तीसेक सराव मी रचले. दादाच्या नावाने छापलेल्या मार्गदर्शिकेत ते सगळे आहेत. माझे नाव मागे आभारात, मुद्रक आणि चहावाला यांच्या मध्ये आहे. चहावाल्याची त्याला हरकत नाही. माझी आहे. या सर्व सरावांचे हक्क मी टाचणीला देत आहे.

टाचणी म्हणजे आमची पूर्वीची समन्वयिका. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि दहा दिशांचे कागद असोत की माणसे, एकत्र धरून ठेवणारी. म्हणून हे नाव. ती आता संस्थेत नाही. का नाही, ते लिहिल्याशिवाय पुढचे कलम कोणाला कळणार नाही.

गेल्या वर्षी दादाचे पित्ताशयाचे दुखणे वाढले आणि तो दोन महिने, आधी रुग्णालयात आणि मग घरी, पडून होता. इथे संस्थेत काहीच अडले नाही. वर्ग वेळेवर झाले, संशोधनाचा अहवाल छापून आला, गळके छतसुद्धा दुरुस्त झाले. हे सगळे टाचणीने चालवले, आणि अगदी आम्ही शिकवतो तसेच. दादा परत आला त्या दिवशी आठवड्याची सभा चालू होती. तो मागच्या रांगेत बसला. टाचणी सर्वांत शेवटी बोलली, मग उठून खुर्च्या उचलू लागली.

"म्हणजे माझ्यावाचून इथे काही अडलं नाही म्हणायचं," दादा म्हणाला.

टाचणीचा चेहरा उजळला. "नाही दादा. काहीसुद्धा अडलं नाही."

ती त्याला आपल्या परीक्षेचा निकाल सांगत होती. एकोणीस वर्षे ज्याने हेच शिकवले त्याला याहून मोठी भेट ती काय देणार होती? एवढी भाबडी चूक फक्त आमच्याच संस्थेत शिकलेला माणूस करू शकतो. महिनाभरात पुनर्रचना निघाली आणि त्या पुनर्रचनेत नेमके एकच पद गेले. विश्वस्तांच्या बैठकीत मी विरोध केला, कारणे दिली, हात वर केला. इतिवृत्तात लिहिले गेले, "सर्वानुमते." मी त्या सर्वांत मोडत नसेन. छत मात्र माझे होते.

त्याच महिन्यात आमच्या संशोधन विभागाचा ग्रंथ निघाला. विषय: संस्थापक खुर्ची सोडत नाहीत म्हणून संस्था कशा मरतात. प्रस्तावना दादाची आहे आणि ती उत्तम आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे म्हणतात. पण तो कोरडाही नाही. त्याला सगळे कळते. म्हणून तर माझा संताप होतो.

तीन. बँकेतली माझी ठेव आणि दागिने मी माझ्या भाच्याला, दादाच्या मुलाला, देत आहे. उद्याच्या वार्षिक सभेपुढे ठराव आहे की दादाला आजीव संचालक आणि भाच्याला उपसंचालक करावे. भाच्याने या हॉलमध्ये आजवर एकही खुर्ची उचललेली नाही. पण बिघडलेला मायक्रोफोन मात्र तो तासन्‌तास मांडी घालून दुरुस्त करतो, आणि तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान असते ते मी त्याच्या बापाच्या तोंडावर कित्येक वर्षांत पाहिले नाही. जिन्यात गाठून मी त्याला विचारले, तुला हे पद हवे का रे? तो म्हणाला, "आत्या, तूच पहिली विचारते आहेस." तेव्हा हे पैसे ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानासाठी. अट एकच: उपसंचालकपद नको, हे त्याने सभेत स्वतः उभे राहून सांगावे. त्याच्या वतीने मी सांगणार नाही, त्याच्या आईनेही सांगू नये.

चार. वहिनीला माझी काळी आरामखुर्ची आणि रेडिओ. एवढी वर्षे पाहुण्यांची उठबस तिने केली आणि तिचे नाव तर आभारातही नाही.

पाच. माझ्या शोकसभेत दादाने जरूर बोलावे, पण शेवटी बोलावे आणि थोडक्यात बोलावे. "माझी बहीण माझा उजवा हात होती" हे वाक्य वापरू नये. माझे दोन्ही हात माझेच होते. हॉलमधला त्याचा मोठा फोटो त्याआधी उतरवावा. जिवंत माणसाने रोज स्वतःच्या फोटोखाली बसणे मला बरे दिसत नाही.

सहा. आता हॉल. काल सकाळी दादा सफरचंदांची पिशवी आणि तयार बक्षीसपत्र घेऊन आला. हॉल संस्थेला बक्षीस, म्हणजे उद्याच्या ठरावानंतर तहहयात त्याच्याच हाती. शस्त्रक्रियेआधी सही झालेली बरी, असे तो म्हणाला. बहिणीच्या काळजाचे काय होईल याआधी त्याला हॉलचे काय होईल हे आठवले. सफरचंदे मी ठेवून घेतली. कागद परत दिला.

हॉल मी संस्थेलाच देत आहे, पण या अटीवर: माझ्या मृत्यूनंतर एका वर्षात दादाने संचालकपद सोडावे, आणि नवा संचालक संस्थेच्या सर्व कार्यकर्त्यांनी मिळून निवडावा. इथे टाचणीचे नाव घालण्याचा मला फार मोह झाला. वकीलबाईंनी तसा मसुदाही केला होता. मग मी तो खोडला. माझ्या पसंतीचा माणूस मी वरून बसवला, तर माझ्यात आणि दादात फरक काय उरला? टाचणीला परत बोलवायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. नाही बोलावले तर मला वाईट वाटेल, पण तेव्हा मी नसेन.

वर्षभरात असे घडले नाही, तर हॉल परिचारिकांच्या संघटनेला जावा. त्या बिचाऱ्या रुग्णालयाच्या जिन्याखाली सभा घेतात. दर दोन वर्षांनी अध्यक्षा बदलतात, आणि जुनी अध्यक्षा दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर असते. त्यांच्याकडे संशोधन विभाग नाही.

सात. हे इथवरचे सगळे मी आज दादाला बोलावून वाचून दाखवले. मेल्यावर पाठीमागून वार करणे मला जमले नसते. मला वाटले तो ओरडेल, नियम काढेल, आईची आठवण काढेल. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "आणि मी कुठे जाऊ गं?"

या प्रश्नाला आमच्या एकाही सरावात उत्तर नाही. जागा सोडायला आम्ही शिकवले. सोडणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठे जायचे, हे आम्ही कधी कोणाला सांगितले नाही. मीही नाही. म्हणून हे कलम त्याच्यादेखत घालत आहे. वरच्या मजल्यावरची माझी खोली, खिडकीजवळचे टेबल आणि पुस्तके दादाला तहहयात वापरण्यासाठी, हॉल कोणाकडेही गेला तरी. वहिनीला विचारले, ती म्हणाली, दिवसभर घरात माझ्या डोक्यावर नको, एवढं बघा.

या खोलीत खालच्या सभेचा आवाज येतो, शब्द मात्र कळत नाहीत. सभा बरी चालली आहे की बिनसली आहे, एवढे आवाजावरून समजते. सुरुवातीला जीव कासावीस होतो, पाय आपोआप जिन्याकडे वळतात. तेव्हा बसून राहावे. खालून कोणी हाक मारली तर जावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वर लिहिलेले मी वाचले, मला समजले, आणि ते मला मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला
तारीख: वार्षिक सभेचा आदला दिवस

सही: मृत्युपत्र करणारी

आमच्यासमक्ष तिने सही केली आणि तिच्यासमक्ष आम्ही केली:
साक्षीदार पहिले: डॉक्टर, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई

(दादाने साक्षीदार म्हणून सही करण्याची तयारी दाखवली. खोली त्याला मिळत असल्याने ती चालणार नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. तरी त्याने शेवटपर्यंत थांबून खुर्च्या जागेवर लावल्या, एवढी नोंद माझ्या आग्रहावरून.)